दुकानाची पाठ पाहणारा माणूस

गजभिये बाबू दुकानात गेले की समोरच्या काचेच्या कपाटाकडे बघायचे नाहीत. दुकानदाराशी दोन शब्द बोलून सरळ आतल्या खोलीत डोकावायचे, जिथं मरम्मतीला आलेल्या वस्तू पडलेल्या असत. तिथल्या एखाद्या पंख्यावर, रेडिओवर बोट फिरवायचे आणि बोटाला लागलेली धूळ उजेडात धरून बघायचे. धूळ जाड असली की पाणीसुद्धा न पिता बाहेर.

"दुकानाचं तोंड सारेच धुऊन ठेवतेत, सुमनताई," ते मला म्हणायचे. "पाठ पाहा लागते."

सौंसरच्या मंडी ऑफिसात, म्हणजे बाजार समितीत, माझं टायपिंगचं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं. पत्रव्यवहार त्यांच्याकडे. दिवसभर आम्ही मराठीत बोलायचो आणि, राज्य हिंदीचं म्हणून, हिंदीत टाइप करायचो. माझं घर पांढुर्ण्याचं. सौंसरात एक खोली घेऊन राहत होते आणि शनिवारी दुपारच्या बसनं घरी जात होते. बाबू इथलेच. उंच, कोरडे, पॅन्टला सायकलची क्लिप ऑफिसातसुद्धा तशीच लावलेली. त्यांच्या छत्रीच्या दांड्याला सुतळीनं एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला होता आणि त्यावर छत्री दुरुस्त करणाऱ्याचं नाव आणि तो कोणत्या वारी कोणत्या बाजारात बसतो ते लिहिलेलं होतं. घड्याळाच्या डबीत तशीच चिठ्ठी. सायकलच्या सीटखाली तशीच.

वस्तू चांगली असणं त्यांना पुरेसं नव्हतं. ती बिघडणार हे ते धरूनच चालायचे. "बिघडल्यावर कोन येईन?" हा त्यांचा पहिला प्रश्न. भाचीसाठी स्थळ आलं तेव्हा मुलाची नोकरी, घर, सगळं बघून झाल्यावर हे एकटेच मागं राहिले आणि शेजाऱ्यांना विचारून आले, "यायच्या घरी भांडन झालं त मिटवाले कोन येते?" शेजारी म्हणाले, कुणी जात नाही, ते कुणाला येऊ देत नाहीत. बाबूंनी घरी येऊन सांगितलं, घर मोठं आहे पण पोरीला तिथं देऊ नका. पाहुणे बरेच दिवस नाराज होते. भाची मात्र खूश होती, असं त्यांनीच मला हसत सांगितलं. हसताना ते तोंडावर रुमाल धरायचे.

त्यांच्या वस्तीतल्या विहारात त्यांची गायन पार्टी होती. पेटी ते स्वतः वाजवायचे. जयंतीच्या दिवसांत बोरगाव, मोहगाव, रामाकोना असे कार्यक्रम असायचे. रामाकोन्याच्या एका कार्यक्रमात त्यांना भागाबाई सापडली. कार्यक्रम संपल्यावर बाया भांडी घासत होत्या, त्यात एक म्हातारी गात होती. कापूस वेचणारी, संत्र्याच्या बगीच्यात मजुरीला जाणारी. अक्षरओळख नाही. गाणी स्वतःची, चाली स्वतःच्या. बाबू पेटी तशीच उघडी टाकून तिच्याजवळ जाऊन बसले म्हणे.

सोमवारी ऑफिसात आले ते मला तिचं गाणं सांगतच आले.

"कापूस येचता येचता बोटाले पडल्या चिरा,
लेकराच्या पाटीवर उमटला अक्षराचा हिरा.
भागा म्हने रामाकोन्याची, शिकनं हाच उजेड खरा."

"हे शेवटचं पाहा," ते म्हणाले. "हरेक गान्यात ती आपलं नाव घालते. लिहिता येत नाही ना. सही कुठं करन? तं गान्यातच करते."

मग थोडा वेळ कागद सारखे करत बसले आणि म्हणाले, "ही बाई गेली का हे गेलं. मशीन घ्या लागते."

मशीन म्हणजे आवाज भरायचं. कॅसेटींचे दिवस सुरू झाले होते. लग्नात, बसमध्ये, पानठेल्यावर टेप वाजू लागले होते. पण गाणं ऐकायचं यंत्र घेणं वेगळं आणि चांगलं भरायचं यंत्र निवडणं वेगळं. बाबूंना त्यासाठी एक आख्खा हिवाळा लागला.

कुणाच्या तरी जावयानं परदेशातून आणलेला एक मोठा चकचकीत टेप सौंसरात विकायला होता. आवाज इतका सुंदर की ऐकायला आलेली माणसं गप्प झाली. बाबूंनी एकच विचारलं, "याचा पट्टा तुटला त कुठं भेटन?" जावयानं खांदे उडवले. बाबू उठले.

नागपूरच्या एका मोठ्या दुकानात रिळांचं मशीन होतं. त्यावर गॅरंटीचं कार्ड, सह्या, शिक्का. दुकानदार म्हणाला, कंपनीचा माणूस आठ दिवसांत घरी येईल. बाबूंनी तिथंही आतल्या खोलीत जायचा प्रयत्न केला; नोकरानं अडवलं.

मग त्यांनी एक परीक्षा घेतली. माझ्याकडून एक पत्र टाइप करून घेतलं. अजून मशीन घेतलेलंच नव्हतं, पण पत्रात विचारलं होतं की टेप चालताना मधूनच आवाज जाड होऊन ओढल्यासारखा येतो, तर काय करावं. अशी तीन पत्रं. एक नागपूरच्या त्या दुकानाला, एक छिंदवाड्याच्या दुकानाला. तिसरं कुणाला पाठवावं हे त्यांना सुचत नव्हतं, तेव्हा मी म्हटलं, "आमच्या पांढुर्ण्याचा दिवाकर आहे ना. माझ्या भावाचा दोस्त. हात चांगला आहे त्याचा."

हे मीच म्हटलं होतं. कुणी मला विचारलं नव्हतं.

नागपूरहून उत्तर आलं नाही. छिंदवाड्याहून किमतींचं छापील पत्रक आलं. आणि पत्र टाकल्याच्या चौथ्या दिवशी मंडी ऑफिसच्या दारात दिवाकर स्वतः उभा राहिला. सावळा, हसरा, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू फिरवायचा बारीक पेचकस. "गजभिये बाबू कोन? तुमचा टेप कुठी आहे? स्पिरिट घेऊन आलो, बहुतेक हेड साफ करा लागन."

बाबूंनी त्याला खरं सांगितलं, की टेप नाहीच, परीक्षा होती. दिवाकर रागावला नाही. चहा पिऊन परतीची बस पकडली.

पुढच्या शनिवारी बाबू माझ्यासोबत पांढुर्ण्याला आले, दिवाकरच्या दुकानाची पाठ पाहायला. स्टेशनकडच्या रस्त्यावर छोटंसं दुकान. आतल्या फळीवर बारा-पंधरा रेडिओ रांगेनं लावलेले. प्रत्येकाला दोऱ्यानं मालकाच्या नावाची चिठ्ठी. बाबूंनी बोट फिरवलं, उजेडात धरलं, आणि मला दाखवलं. बोट स्वच्छ होतं.

मशीन दिवाकरनं सांगितलं तेच घेतलं. देशी, जड, दिसायला एखाद्या पेटीसारखं. त्या परदेशी टेपच्या निम्म्यानंही आवाज नव्हता. "आवाज थोडा कमी असन त चालते," बाबू म्हणाले. "मानूस पक्का आहे."

त्यानंतरचं एक वर्ष त्यांचं सगळ्यात आनंदाचं असावं. रविवारी मशीन सायकलला बांधून रामाकोन्याला जायचे. दोनदा मीही गेले होते. भागाबाईच्या खोलीच्या भिंतींना त्यांनी गोधड्या टांगल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. कोंबड्या टोपल्याखाली झाकल्या होत्या. पिठाच्या चक्कीवाल्याकडे जाऊन, हात जोडून, दोन घंटे चक्की बंद ठेवायला लावली होती. छोट्या रेल्वेगाडीची वेळ आली की सगळे थांबून बसायचे. गाडी गेली की पुन्हा सुरू.

भागाबाई माइककडे बघत नसे. तोंड दाराकडे करून गायची. पहिल्या दिवशी तिनं बाबूंना विचारलं होतं, "नामदेव, हे त्याच्यात जाते त मंग निंगते कुठं?"

बाबूंनी वाजवून दाखवलं. तिनं मशीनजवळ सरकून स्वतःचा आवाज शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, "माहं नाव आलं त्याच्यात. बरं झालं. ते नोको पुसू."

"नाही पुसत, मावशे."

"सबद दे."

बाबूंनी दिला.

मशीन मधून मधून कुरकुरायचं. निरोप गेला की दिवाकर यायचा. सौंसरला तर यायचाच, एकदा रामाकोन्यालाही आला, भागाबाईच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यानं मोटर उघडली. कापसाच्या बोळ्यानं हेड पुसताना तिचं गाणं ऐकत होता. जाताना फक्त दोन संत्री घेतली. बाबू दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरले. मोठ्या साहबांनी नवी जीप घेतली होती, त्यांनाही म्हणाले, "साहब, मेकॅनिक देखे क्या पहले?"

पावसाळ्यानंतर मशीननं फारच दगा दिला. आवाज एका जागी टिकेना. दिवाकर आला, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "भाऊ, हे इथं नाही होत. दुकानात न्या लागते. आन् टेपा पन देजा सोबत. तुमच्याच टेपवर लावून पाहाव लागते, आवाज बरोबर येऊन राहिला का नाही."

चौदा कॅसेटी होत्या. बाबूंनी एकेक पुसून, नंबर बघून, कापडी पिशवीत भरल्या आणि त्याच्या हातात दिल्या. पंधरा दिवसांनी मशीन परत आलं, नव्यासारखं. चौदाच्या चौदा कॅसेटी परत आल्या, त्याच क्रमानं. एकीवरही ओरखडा नव्हता.

पुढच्या फाल्गुनात मी एका शनिवारी घरी गेले. भावानं नवी कॅसेट आणली होती आणि मोठ्यानं लावली होती. मागं बँजो आणि ढोलक होतं, पण बँजोच्या आडून जो आवाज येत होता तो मी ओळखला. कापूस येचता येचता बोटाले पडल्या चिरा. 'अक्षराचा हिरा' आलं आणि गाणं तिथंच थांबलं. दुसरं सुरू झालं. तेही शेवटच्या ओळीआधी थांबलं. मी सगळी बाजू ऐकली. नावाची ओळ एकाही गाण्यात नव्हती.

कव्हरवर नागपूरच्या एका कॅसेट कंपनीचा छाप आणि केशरी लुगड्यातल्या एका तरुण मुलीचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, कुमारी सरिता. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: रेकॉर्डिंग, दिवाकर, पांढुर्णा.

भाऊ म्हणाला, "पाह्य, आपल्या दिवाकरचं नाव छापून आलं."

आई म्हणाली, "पोरगा पुढं गेला बापा."

दिवाकर आमच्या स्वयंपाकघरात बसून जेवणारा मुलगा होता. भावाच्या लग्नात त्यानं तीन दिवस खपून लाउडस्पीकर सांभाळला होता. मी सोमवारी सौंसरला आले आणि बाबूंना काही बोलले नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. आज सांगू, उद्या सांगू करत शनिवार गेला. मला वाटत होतं, नागपूरकडची कॅसेट आहे, रामाकोन्यापर्यंत कशाला पोचेल.

पण दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, ती तिथं पोचली. संत्री भरायला आलेल्या एका ट्रॅक्टरवर टेप वाजत होता आणि बगीच्यात भागाबाई झाडाखाली संत्री निवडत होती. तिनं आपलाच आवाज ऐकला. आपलं नाव येईल म्हणून वाट पाहिली. ते आलं नाही. ड्रायव्हरला विचारलं तर त्यानं फोटो दाखवला.

त्या दुपारी बाबू नेहमीसारखे मशीन घेऊन गेले तेव्हा तिनं दार उघडलं नाही. आतूनच बोलली. हे बाबूंनी मला सोमवारी सांगितलं, टेबलावरचे कागद तसेच पडलेले, सायकलची क्लिप हातात घेऊन वळवत.

"म्हने, मशीन तुयी, टेपा तुया. मंग इकलं कोनं?"

मी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हनू? म्या म्हनलं, माह्या हातून गेलं, मावशे. ती म्हने, तुया हातून नाही गेलं, तुया हातानं गेलं." त्यांनी क्लिप टेबलावर ठेवली. "आता हे कोनती कॅसेट आहे, कुठून आली, काहीच समजून नाही राहिलं. तुमी पांढुर्ण्याले जाता, तिथं पाहान का?"

मला तेव्हाही गप्प बसता आलं असतं. मी म्हटलं, "आमच्या घरी आहे ती. भावानं आणली."

"कधी?"

"परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या शनिवारी."

"मंग तुमाले आठ दिवसापासून माहीत आहे."

मी मान हलवली. त्यांनी क्लिप पायाला लावली, कागद पुढं ओढले आणि काम सुरू केलं. दुपारी एक पत्र टाइपला देताना म्हणाले, "हे दोन प्रतीत पायजे, बाई." त्या दिवसापासून मी त्यांना बाई झाले. सुमनताई परत कधी नाही.

तरी पांढुर्ण्याला ते माझ्यासोबतच आले. बसमध्ये शेजारी बसले, पण खिडकीबाहेर बघत होते. आधी आमच्या घरी कॅसेट ऐकायला आले. आईनं त्यांना ओसरीवर बसवलं, चहा वेगळ्या कपातून दिला. तो कप मी ओळखत होते. त्यांनीही ओळखला असणार. त्यांनी चहा प्यायला, कप स्वतः धुऊन पालथा घातला. मग कॅसेट पूर्ण ऐकली, दोन्ही बाजू. कव्हर हातात घेऊन बारीक अक्षरं वाचली. तोवर त्यांना थोडी आशा होती असं मला वाटतं, की काम दुसऱ्या कुणाचं असेल.

दिवाकर दुकानातच होता, एका रेडिओच्या तारेला कथलाचा डाग देत. आम्हाला बघून उठला नाही.

"या भाऊ," म्हणाला.

बाबू उभेच राहिले. मी दारात.

"भाऊ, आयकून घ्या," दिवाकर बोलू लागला, कुणी काही विचारायच्या आधीच. "नागपूरचा एक जन आला होता. तुमचं मशीन टेस्टिंगले लावून होतो. त्यानं आयकलं. म्हने असा आवाज नाही आयकला. तुमी त पेटीतच ठेवलं असतं ना. आता गावोगावी वाजून राहिलं. त्या बुढीचा आवाज कुठी कुठी पोचला, पाहा तुमी."

"शेवटची ओळ कोनं कापली?" बाबूंनी विचारलं.

दिवाकरनं डागाची सळई खाली ठेवली. "म्याच."

"काहून?"

"नाव राहिलं असतं त त्यायनं घेतलंच नसतं. रामाकोन्याची भागा म्हनलं त कोन आयकते? त्यायले कॅसेटवर जवान पोरगी पायजे होती."

"आन् तुहं नाव?"

त्यानं समोरच्या रेडिओचं झाकण ओढून घेतलं. म्हणाला, "भाऊ, वीस वर्षं झाले, लोकायचे रेडिओ खोलून राहिलो. कोनाच्या रेडिओवर माहं नाव आहे? माह्याही मनात होतं, कुठी तरी असावं."

मला वाटलं बाबू आता ओरडतील. ते फळीकडे गेले. तिथले रेडिओ तसेच रांगेत होते, चिठ्ठ्या बांधलेले. त्यांनी हात लावला नाही. नुसतं बघितलं.

"मी निरोप धाडला आन् तू आला नाही, असं एकदाही नाही झालं," ते म्हणाले. "एकदाही नाही."

"आताही येईन, भाऊ. कधीही बलावा."

बाबू बाहेर पडले. दिवाकरनं सळई पुन्हा उचलली, एवढं मी पाहिलं. परतीच्या बसमध्ये बाबूंनी एकच वाक्य उच्चारलं, तेही माझ्याशी नाही: "तिच्या ओट्यावर बसून मशीन खोललं, तिची संत्री नेली, आन् आता तिले बुढी म्हनून राहिला."

त्यांनी नागपूरच्या त्या कॅसेटवाल्याला पत्रं लिहिली. मीच टाइप केली, तीन-चार तरी असतील. उत्तर आलं नाही. मग त्यांनी पत्रं बंद केली आणि बाजार धरले. रामाकोन्याचा बाजार, बोरगावचा, मोहगावचा. कापडाच्या दुकानाशेजारी मशीन ठेवायचे, कर्णा जोडायचे आणि भागाबाईची गाणी वाजवायचे, शेवटच्या ओळीसकट. ओळ संपली की बटण दाबून थांबवायचे आणि स्वतः सांगायचे, "हे रामाकोन्याच्या भागाबाईचं गानं आहे. ती जिवंत आहे. मजुरीले जाते." मग पुढचं गाणं. लोक थांबायचे, काही हसायचे. काही जण म्हणायचे, हे तर त्या सरिताचं आहे, या बाबूनं चोरलं. मोहगावला एकानं ते मशीनच ढकललं. बाबूंनी उचललं, धूळ झटकली. पण त्यातून मग आवाज निघाला नाही. दिवाकरला निरोप गेला नाही. दुसऱ्या कुणालाही नाही.

भागाबाईनं दार उघडलं ते त्यानंतर, कुणीतरी तिला मोहगावची हकीकत सांगितल्यावर. हे मला बाबूंच्या भाचीनं सांगितलं. बाबू आता मला ऑफिसच्या कामापलीकडे काही सांगत नव्हते. भागाबाई म्हणाली, "तुयावर भरोसा आहे, नामदेव. पन आता गानार नाही." बाबूंनी विचारलं, निदान मी लिहून घेऊ? ती विचार करून म्हणाली, "सबद लिही. चाल माह्यापाशी राहू दे."

माझी बदली बैतूलला झाली. निघायच्या आधीच्या रविवारी मी रामाकोन्याला गेले. बाबूंशी एकदा बोलावं असं मनात होतं. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून गेले होते.

दुपार कलली होती. भागाबाई ओट्यावर बसून ज्वारी पाखडत होती आणि गाणं सांगत होती, गाऊन नाही, एखाद्यानं घरातल्या वस्तू मोजून सांगाव्या तसं, सपाट आवाजात. समोर बाबू मांडी घालून शाळेच्या वहीत लिहीत होते. अक्षर हिंदी ऑफिसातलं, भाषा तिची. मध्येच त्यांचा पेन थांबायचा आणि मान आपोआप एका ठेक्यात हलायची, जुनी चाल आठवल्यासारखी. मग ते सावरून बसायचे.

मी कुंपणाच्या काट्यांपाशी उभी होते. त्यांनी मान वर केली, मला पाहिलं. ओळखलं. रागानं नाही, पण बसा असंही नाही, नुसती मान हलवली, ऑफिसात एखादं पत्र मिळाल्याची पोच द्यावी तशी.

मग वहीकडे वळून म्हणाले, "हं, मावशे. पुढं सांग."